अक्काच्या मराठीखालची लाल रेघ

हरभरा घाटे धरायला लागलाय. सकाळी रानातून आडवं चालत आलं की सलवारीचा काठ ओला होतो, आणि त्याच हातानं तोंडावरची बट मागे सारली तर ओठांना आंबट-खारट लागतं. ही आंब थंडीच्या याच दिवसांत पानांवर उतरते. ज्वारी कमरेच्या वर गेलीय, तूर काढून तिच्या पेंढ्या बांधावर उभ्या आहेत, आणि ढोकीच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्यात. मी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला लॅपटॉप उघडून बसते, तेवढ्यात खालून अक्काची हाक येते.

"अगं, येळवस तोंडावर आली. शेंगा सोलायला बस की जरा."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या बेंबळीत घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जेवायला जातं. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायचं, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग ओल्या शेंगांची भज्जी, वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, माठातली थंड आंबील. सोलापूरसारख्या शहरात वाढलेल्या मला लग्नाआधी हे काही माहीत नव्हतं. आता शेंगांचं टोपलं दिसलं तरी मला एकच थंडी आठवते. त्या थंडीत आम्ही दोघी जावांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला होता.

अक्का माझी थोरली जाऊ. बी.ए. मराठी झालेली, पण नोकरीच्या भानगडीत न पडता शेतीत उतरलेली. मोटारीचा स्टार्टर, पाइपांचे कॉक, कुठल्या सरीत पाणी फुटतंय, हे सगळं ती बघते. मी एका कंपनीचं काम घरून करते. माझे यजमान रोज नोकरीला धाराशिवला जाऊन येऊन असतात, तेव्हा दिवसभर घरात बोलायला आम्ही दोघीच. ती मला नावानं हाक मारते, मी तिला अक्का म्हणते.

आमची विहीर सामाईक आहे. तिच्यावर दोन घरांची रानं भिजतात. उत्तरेचं रान आमचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्यांना सगळे तात्या म्हणतात. दक्षिणेचं रान त्यांच्या चुलतभावाचं, बप्पांचं. पूर्वी पाळ्या सोप्या होत्या, आज तुझी, उद्या माझी. पण शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि मधेच गेली की गेली. कुणाचे किती तास बुडाले यावरून त्या थंडीच्या आदल्या वर्षी कुरबुर झाली. कुरबुरीत दोन पाळ्या चुकल्या आणि बप्पांची लवकर पेरलेली ज्वारी ऐन फुलोऱ्यात सुकली. भांडण असं झालंच नाही. बप्पा तात्यांशी बोलायचे थांबले, एवढंच. त्या साली येळवशीला एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन कोपी उभ्या राहिल्या. अक्काच्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस उशाशी बसलेल्या काकू, बप्पांच्या पत्नी, पलीकडच्या कोपीत पाठमोऱ्या बसून जेवल्या.

म्हणून मी म्हणाले होते, पाळीचा एक छोटा प्रोग्राम लिहिते. वीज कधी आली, कधी गेली ते टिपून घेईल आणि कुणाची पाळी ते फोनवर सांगेल. अक्कानं ते बांधावर जाऊन बप्पांच्या कानावर घातलं. बप्पांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

"मोबाईल सांगंल अन् म्या मोटार बंद करायची व्हय? मोबाईल कुणाच्या घरातला? तुमच्याच. आत काय लिवलंय ते मला वाचाय येतंय का? जे वाचाय येत न्हाय ते म्या मानणार न्हाय."

अक्का परत आली ती हिरमुसून नव्हे. जिना चढून माळवदावर आली आणि माझ्यासमोर बसली.

"बरोबर बोलले ते. मग वाचता येईल असं लिही."

मी तिला सांगितलं की तशी एक रीत आहे. आधी माणसाला समजावून सांगायचं, अगदी लेख लिहावा तसं, आणि त्या लिखाणातच जागोजागी कोडचे तुकडे बसवायचे. मग एक छोटा प्रोग्राम ते तुकडे वेचून काढतो, मशीनला हव्या त्या क्रमानं जोडतो आणि त्यांची वेगळी फाइल बनवतो. मशीननं ती वेचलेली फाइल चालवायची, माणसानं मूळ लेख वाचायचा. याला लिटरेट प्रोग्रामिंग म्हणतात.

"लिटरेट म्हणजे साक्षर ना? मग बाकीचे तुमचे प्रोग्राम निरक्षर म्हणायचे."

"तसंच काहीसं."

"मराठी मी लिहिते," अक्का म्हणाली. "कोड तू लिही."

त्या थंडीतल्या सकाळी अजून माझ्या अंगावर आहेत. माळवदाची माती उन्हानं हळूहळू कोमट व्हायची. अक्का पाण्याचं बघून यायची, पायाला लागलेला चिखल जिन्याच्या कडेला खरवडायची आणि पदराला हात पुसून माझ्या शेजारी बसायची. पहिले काही दिवस ती सांगायची आणि मी टाइप करायचे. मग तिनंच लॅपटॉप आपल्याकडं ओढला. मराठी कळफलक तिला फोनमुळं येतच होता.

प्रोग्राम लिहिताना आम्ही व्याख्येपासून सुरू करतो. अक्कानं तसं केलं नाही. तिचा पहिला परिच्छेद असा होता: "वीज मधेच गेली तर काय, हे सगळ्यात आधी सांगते. कारण लोक तेच आधी विचारतात. बाकीचं सुरळीत असतं तेव्हा कुणी विचारत नाही." त्याखाली मी बुडालेल्या तासांची तूट मोजायचा तुकडा बसवला. पाळी म्हणजे काय, दोन्ही घरांच्या पाळ्या मिळून एक फेरा कसा होतो, हे तिनं पुष्कळ पुढं, गरज पडली तिथं सांगितलं. मशीनला हे उलटं. पण वेचणारा प्रोग्राम तुकडे लावून घेतो, त्यामुळं लेखाचा क्रम अक्काचाच राहिला. इतकी वर्षं मी मशीनला पटेल त्या क्रमानं बोलत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा समोर एक माणूस धरून कोड लिहिला, आणि तो लिहिताना मला चक्क गुणगुणायला होत होतं.

कोडमधली नावंही अक्कानं मराठीत ठेवायला लावली. मी सवयीनं इंग्रजी नाव टाकलं की ती म्हणायची, "बप्पांना हे वाचता यायला पाहिजे." मग तूट, फेरा, उत्तर, दक्षिण अशी नावं आली. मशीनची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती एडिटरची. एडिटर म्हणजे ज्या खिडकीत आम्ही प्रोग्राम लिहितो ती. तिच्यात एक तपासणारा बसलेला असतो. चुकलं की तो त्या शब्दाखाली नागमोडी लाल रेघ ओढतो, एखाद्या नावावर बोट ठेवलं की ते नाव मुळात कुठं सांगितलंय तिथं नेतो. त्याचं नाव अक्कानं लगेच तपासनीस ठेवलं. या तपासनिसाला फक्त कोड कळतो. त्याच्यापुढं आमचा लेख आला आणि त्यानं वरपासून खालपर्यंत लाल रेघा ओढल्या. अक्काचं एकही वाक्य त्यातून सुटलं नाही.

अक्का चष्मा सावरून बघत राहिली. "माझ्या मराठीखाली रेघा ओढणारा हा कोण? आमच्या कॉलेजच्या सरांनीसुद्धा एवढ्या ओढल्या न्हायत."

मी तपासनिसाला लेखापुरतं गप्प केलं. मग तो असा गप्प झाला की कोडमधली खरी चूकही सांगेना. आंधळ्यासारखं लिहायचं, तुकडे वेचायचे, चालवायचं, आणि मग वेचलेल्या फाइलीतल्या कुठल्यातरी ओळीवर प्रोग्राम अडून बसायचा. ती ओळ आमच्या लेखात कुठं आहे हे मला शोधावं लागायचं, अक्काला तर ते सापडायचंच नाही.

एके दिवशी मी कंपनीच्या कामात असताना अक्कानं वेचलेली फाइल उघडून बघितली. तिथं तपासनीस नीट काम करत होता. चूक दाखवत होता, सुधारली की रेघ पुसत होता. तिला आनंद झाला. दुपारभर बसून तिनं तिथंच सगळं नीट केलं आणि संध्याकाळी मला मोठ्या उत्साहानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी लेखातून तुकडे पुन्हा वेचले, तेव्हा जुन्या फाइलीवर नवी बसली आणि अक्काची दुपार पुसून गेली.

"काल मी नीट केलं होतं, ते कुठं गेलं?"

मी समजावून सांगितलं. सारवलेल्या अंगणातून कुणी चिखलाचे पाय घेऊन जावं तसा तिचा चेहरा झाला. "मग तूच लिही बाई," ती म्हणाली, "मला हे जमायचं न्हाय." आणि खाली गेली.

मी एकटीनं तो प्रोग्राम सहज पुरा केला असता. पण मग तो माझा झाला असता, आणि बप्पांच्या लेखी तो तुमच्याच घरातला मोबाईल राहिला असता. अक्कानं लिहिलेलं, अक्काला बदलता येणारं, तेवढंच पलीकडच्या घरात चालणार होतं. काकूंच्या घरी पाय ठेवायला तेवढा एकच रस्ता उरला होता.

त्या दिवसांत ती समोर आली की भाजीचं, दुधाचं बोलायची. एका सकाळी हरभऱ्याची भाजी खुडायला मी तिच्यामागे रानात गेले. शेंडे खुडता खुडता आमची बोटं आंबली होती. मी विचारलं, "अक्का, तुला नक्की काय पाहिजे त्या एडिटरकडून?"

तिनं ओच्यातली भाजी सारखी केली. "मी जिथं लिहिते तिथंच मला चूक दिसावी. दुसऱ्याच कुठल्या कागदावर न्हाय. आणि माझ्या मराठीला त्यानं हात लावू नये. एवढंच."

एवढंच! मी घरी येऊन कामालाच लागले. एडिटर आणि तपासनीस यांच्यामध्ये बसणारा एक मध्यस्थ मला लिहायचा होता. अक्कानं लेखात एक अक्षर टाइप केलं की यानं गुपचूप तुकडे वेचायचे आणि तपासनिसापुढं ठेवायचे. तपासनीस म्हणाला अमुक ओळीत चूक, की ती ओळ लेखात कुठून आली हे यानं लक्षात ठेवलेलं असायचं, आणि रेघ लेखातल्या त्या जागी ओढायची. मराठी परिच्छेद तपासनिसाला दाखवायचेच नाहीत. सांगायला सोपं आहे. तुकड्यात तुकडा असला की जागा हलायच्या, आत सरकवलेल्या ओळींचा हिशेब चुकायचा. कंपनीच्या वर्षअखेरीच्या सुट्ट्या होत्या, त्यातल्या सकाळच्या सकाळी मी त्यात घातल्या. खाली तुरीच्या पेंढ्या बडवल्याचा आवाज यायचा, उन्हात टरफलांचा भुसा उडायचा, आणि मी एकटीच हसत बसलेली असायची. इतकं मन लावून केलेलं काम मला पगाराच्या कामात क्वचित सापडलंय.

मग एक दिवस रेघ लेखात उमटली. बरोबर ओळीत. मी जिन्यातूनच अक्काला हाक मारली. पिठाचे हात घेऊन ती वर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ओळ बरोबर हाय. पण रेघ शब्दाखाली कुठाय? ती तर पार तिकडं बांधावर गेली."

खरंच. चुकलेल्या शब्दाच्या पुष्कळ उजवीकडं, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं तिथं ती लाल रेघ लोंबत होती. दुसरी ओळ बघितली, तिथं थोडीशीच सरकलेली. तिसरीत अगदी जागेवर. आम्ही दोघी शेजारी बसून ओळी बघत गेलो.

"ज्या ओळीत नुसते आकडे अन् खुणा, तिथं बरोबर पडायलीय," अक्का म्हणाली.

"आणि मराठी नावं आली की पुढं जाते."

"दक्षिण आलं की लईच पुढं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अक्का, दक्षिण या शब्दातलं क्षि, हे किती अक्षरं?"

"किती म्हणजे? एकच."

"मशीनच्या लेखी ती चार. क, मग पाय मोडायची खूण, मग ष, मग वेलांटी. आणि साठवताना त्या प्रत्येकाला तीन-तीन घरं लागतात. म्हणजे बारा."

"एका अक्षराला बारा?" अक्का मागे रेलली. "अगं, बाराखडीच झाली की ती."

आम्हाला दोघींना असं हसू आलं की खालून तात्यांनी विचारलं, काय झालं. गोष्ट एवढीच होती की माझा मध्यस्थ घरं मोजत होता आणि एडिटर खुणा मोजत होता. मराठी जितकी जास्त, तितकी रेघ पळायची. इंग्रजी नावांत घर आणि खूण सारखीच, म्हणून इतकी वर्षं मला हे कधी दिसलंच नव्हतं. मोजणी जुळवून घेतली. मुद्दाम चूक केली. रेघ उमटली ती थेट 'दक्षिण' या शब्दाच्या पोटाखाली, द पासून ण पर्यंत, ना पुढं ना मागं.

अक्कानं पिठाचं बोट पुसलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मी तिला आणखी एक दाखवलं, कोडमधल्या 'तूट' या नावावर टिचकी मार. तिनं मारली. पान सरकलं आणि तिनंच लिहिलेल्या त्या पहिल्या परिच्छेदाशी येऊन थांबलं, वीज मधेच गेली तर काय, हे सगळ्यात आधी सांगते. ती ते स्वतःचंच वाक्य पुन्हा वाचत राहिली. मग फेऱ्यावर टिचकी, दक्षिणेवर टिचकी, पुन्हा तुटीवर. भाकरी तव्यावर करपल्याचा वास वर आला तेव्हा कुठं ती उठली.

येळवशीच्या आदल्या दिवशी अक्का छापलेली पानं घेऊन काकूंकडं गेली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात काकूंनी दिलेलं पावट्याच्या शेंगांचं गाठोडं होतं. "कोप एकच घालायचीय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ कोप उभी राहिली. पूजा झाली, भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण निघालं आणि वाफेबरोबर कांद्याच्या पातीचा, कच्च्या शेंगदाण्याचा वास रानभर झाला. बप्पा आले. तात्यांकडं न बघता घोंगडीच्या पलीकडच्या टोकाला बसले, आंबिलीचा पेला बाजूला ठेवला आणि खिशातून पानं काढून मोठ्यानं वाचायला लागले. एकेका शब्दावर बोट ठेवत, मधे येणाऱ्या कोडवरून न अडखळता. तूट, फेरा, दक्षिण ही नावं ओळखीची होती ना. तात्या कोपीला टेकून भाकरी मोडत होते, पण कान इकडं होता.

एका जागी बप्पा थांबले. "बुडालेला वेळ त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी आधी भरून द्यावा," त्यांनी पुन्हा वाचलं. "हे चुकलं. दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी, त्याचा काय गुन्हा? थोरल्यांनी ठरवलं हुतं, फेरा संपला की शेवटाला भरायचं."

कोपीकडून तात्या म्हणाले, "ठरलं हुतं. खरं हाय."

बप्पांनी मान वळवली. "तुला याद हाय?"

"न्हाय कशी. इथंच बसलो हुतो आपुन."

वर्षभरानं ते एकमेकांशी बोलले ते एवढं. अक्कानं हात धुतले, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि घोंगडीवर बसून ते वाक्य बदललं. मग खालचा कोड बदलायला घेतला. मी पुढं झाले नाही. तिनं 'फेराशेवट' असं लिहिलं आणि त्या शब्दाखाली लाल रेघ आली. बप्पा चष्म्यातून वाकले.

"ही तांबडी रेघ कशाची?"

"चुकलंय म्हणायला लागलाय."

"कुठं?"

"रेघ हाय तिथंच."

अक्कानं पान वर सरकवून बघितलं. आधी आम्ही त्याला 'फेराअखेर' म्हटलं होतं. तिनं शब्द सुधारला, रेघ गेली. बप्पांनी मान हलवली, जशी चांगल्या बैलाला बघून हलवतात. मग पेला उचलून आंबील प्यायले आणि म्हणाले, "आता माझं एक वाक्य घाल. पानी देताना दुसऱ्याच्या पिकाकडं बघून द्यावं."

मी म्हणाले, "बप्पा, याला कोड काय लिहायचा?"

"याला कशाचा कोड? नुसतं लिव."

अक्कानं लिहिलं. तपासनीस गप्पच राहिला. ते वाक्य आजही त्या फाइलीत आहे. तुकडे वेचणारा रोज त्याच्यावरून पुढं जातो.

त्याच हंगामात, पौष सरता सरता, एका सकाळी पाळी आमची होती. मोटार चालू होती. अक्का आणि मी विहिरीकडं गेलो तर तात्यांनी आमच्या रानाचा कॉक बंद करून बप्पांच्या रानाचा उघडला होता. तिकडची ज्वारी फुलोऱ्यात आली होती, आमची उशिरा पेरलेली, तिला अजून दिवस होते. मी फोन बघितला. त्यावर पाळी उत्तरेची दाखवत होती आणि पाणी दक्षिणेकडं चाललं होतं. मी अक्काला म्हणाले, हिशेब चुकणार, आत्ताच दुरुस्त करायला पाहिजे.

अक्कानं पाइपावर हात ठेवला, आत धडधडत जाणारं पाणी जरा वेळ तळव्याखाली घेतलं आणि म्हणाली, "राहू दे."